आधी सूर, मग चित्र

ऑपेरा आणि बॅले या दोन्ही कला मोठ्या थिएटरच्या शेवटच्या रांगेसाठी घडलेल्या आहेत. गायकाने आवाज वाद्यवृंदाला ओलांडून पलीकडे फेकायचा आणि नर्तकाने हात असा उचलायचा, की वरच्या सज्जातल्या प्रेक्षकालाही त्याची रेषा दिसावी. सिनेमाचा कॅमेरा मात्र माणसाच्या चेहऱ्यापासून दोन हातांवर येऊन उभा राहतो. इतक्या जवळून ताणलेला गळा आणि मोठाले हातवारे खटकू लागतात. दुसरी अडचण वेळेची आहे. ऑपेरातले पात्र मरणाच्या दारात पाच मिनिटे गाते आणि प्रेक्षक तल्लीन होऊन ऐकतो, कारण तेवढा वेळ संगीताने ठरवून दिलेला असतो. सिनेमाचा वेळ ठरतो तो संकलकाच्या टेबलावर. या दोन अडचणींशी झुंजतच ऑपेरा आणि बॅले पडद्यावर आले. त्या झुंजीतला सर्वांत धाडसी टप्पा इंग्लंडमध्ये १९४७ ते १९५१ या चार-पाच वर्षांत घडला, पण त्याची तयारी अर्धशतकभर चालली होती.

सिनेमा बोलत नव्हता, तेव्हापासूनच तो ऑपेराच्या मागे लागला होता. १९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ‘फोनो-सिनेमा-थिएटर’ नावाचा एक मंडप होता. तिथे फोनोग्राफच्या जोडीने नामवंत कलावंतांचे छोटे चित्रपट दाखवले जात. व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’तला पहिला इयागो आणि ‘फाल्स्टाफ’मधला पहिला फाल्स्टाफ म्हणून गाजलेला गायक व्हिक्टर मोरेल त्या कलावंतांत होता. आवाज आणि चित्र यांचा मेळ प्रोजेक्टर चालवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. हँडल थोडे वेगाने फिरले की ओठ पुढे आणि आवाज मागे. पुढे गोमाँ कंपनीने ‘फोनोसेन’ या नावाने अशाच छोट्या गायनपटांची मालिका काढली आणि त्यातले बरेच अ‍ॅलिस गी या दिग्दर्शिकेने केले. तिथे गाणे आधी तबकडीवर घेत आणि मग गायक त्या आवाजाबरोबर नुसता अभिनय करी. पुढच्या साऱ्या प्रयोगांचे बीज या साध्या युक्तीत होते. अमेरिकेत एडिसनच्या कंपनीसाठी एडविन पोर्टरने १९०४ मध्ये वॅग्नरच्या ‘पार्सिफाल’वर चित्रपट काढला. तो आज पाहिला तर रंगवलेल्या पडद्यांपुढे हातवारे करणारी माणसे दिसतात आणि कॅमेरा प्रेक्षागृहात बसल्यासारखा अचल राहतो.

मूकपटांच्या काळात या नादाचे शिखर गाठले गेले ते १९१५ मध्ये. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची लाडकी गायिका जेराल्डीन फॅरार हिला सेसिल डिमिलने ‘कार्मेन’साठी कॅमेऱ्यासमोर आणले. जिच्या आवाजासाठी लोक तिकिटे काढत, तिला आवाजाविना उभे करायचे, हा विचार वरवर वेडगळ वाटतो. डिमिलला तिची अडचण ठाऊक होती. म्हणून त्याने आधी तिच्याकडून ‘मारिया रोझा’ नावाचा दुसरा चित्रपट करून घेतला आणि कॅमेऱ्यापुढचा संयत अभिनय अंगवळणी पडल्यावरच ‘कार्मेन’ हाती घेतला. ऑपेराच्या संहितेचे हक्क न मिळाल्यामुळे कथा प्रॉस्पेर मेरिमेच्या मूळ कादंबरिकेवरून घ्यावी लागली, पण चित्रपटगृहातला वाद्यवृंद बिझेचेच संगीत वाजवी. गंमत अशी की या सक्तीच्या बदलाने चित्रपटाचे भलेच झाले. मेरिमेची कार्मेन ऑपेरातल्या कार्मेनपेक्षा जास्त रांगडी आहे आणि फॅरारच्या चेहऱ्यावर तो रांगडेपणा शोभून दिसतो.

युरोपात या काळातला सर्वांत प्रतिष्ठित प्रयत्न ‘डेर रोझेनकावालियर’चा होता. हा ऑपेरा जानेवारी १९११ मध्ये ड्रेस्डेनच्या राजदरबारी ऑपेरागृहात प्रथम झाला होता. त्याच इमारतीत १० जानेवारी १९२६ रोजी त्यावरचा मूकपट दाखवला गेला आणि वाद्यवृंदाचे संचालन ऑपेराचा संगीतकार रिखार्ड श्ट्राउस याने स्वतः केले. दिग्दर्शक होता ‘डॉक्टर कालिगारी’ फेम रॉबर्ट वीने. पटकथेत खुद्द संहिताकार हूगो फॉन हॉफमान्स्टाल याचा हात होता आणि त्याने कथेत पुष्कळ भर घातली. ऑपेरात ज्याचे फक्त नाव ऐकू येते, तो फील्डमार्शल चित्रपटात रणांगणावर प्रत्यक्ष दिसतो. यातला खरा पेच त्या संध्याकाळी संचालकाच्या जागेवर होता. ऑपेरागृहात संचालक गायकाच्या श्वासाकडे बघून लय थोडी सैल सोडतो किंवा आवळतो. पडद्यावरची आकृती कुणासाठीच थांबत नाही. चित्र पुढे धावते आणि संगीताला त्याच्या मागे पळावे लागते. श्ट्राउससारख्या मुरलेल्या संचालकालाही हे जड गेले. मग यंत्र आणि संगीत यांतल्या कोणी कोणाच्या तालावर चालायचे, हा प्रश्न त्या रात्री अनुत्तरित राहिला.

त्याच वर्षी ६ ऑगस्टला न्यू यॉर्कमध्ये वॉर्नर बंधूंनी व्हायटाफोनचा पहिला जाहीर कार्यक्रम केला. त्यात जोव्हानी मार्तिनेल्ली याने ‘पाल्याच्ची’तल्या विदूषकाचे विलापगीत गायले. आवाज तबकडीवरून येत होता आणि ओठ नेमके जुळत होते. प्रेक्षक भारावून गेले. ऑपेराची आता पडद्यावर भरभराट होणार असे वाटणे साहजिक होते, पण झाले उलटेच. कॅमेऱ्याच्या खरखरीचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून त्याला ध्वनिरोधक खोलीत कोंडावे लागले. मूकपटाच्या शेवटच्या वर्षांत मुक्तपणे फिरू लागलेला कॅमेरा पुन्हा एका जागी खिळला. सुरुवातीच्या बोलपटांतला ऑपेरा म्हणजे बहुधा स्थिर उभा गायक, त्याच्यासमोर स्थिर उभा कॅमेरा आणि मध्ये मायक्रोफोन.

यातून सुटका झाली ती ध्वनिमुद्रण आधी उरकण्याच्या पद्धतीने. गाणे स्टुडिओत निवांतपणे ध्वनिमुद्रित करायचे, मग चित्रीकरणाच्या वेळी ते ध्वनिक्षेपकावर वाजवायचे आणि नटाने त्याबरहुकूम ओठ हलवायचे. भारतीय प्रेक्षकाला यात काहीच नवल वाटणार नाही. न्यू थिएटर्सच्या ‘धूप छाँव’पासून, म्हणजे १९३५ पासून, पार्श्वगायन आपल्याकडे रुळले आणि एकाचा चेहरा, दुसऱ्याचा गळा हा करार प्रेक्षकांनी मनापासून मान्य केला. युरोपातल्या ऑपेरारसिकांनी मात्र तो सहजी मान्य केला नाही. त्यांच्या लेखी आवाज आणि देह वेगळे काढणे म्हणजे गाण्याचा प्राण काढून घेणे होते. या आक्षेपात तथ्य आहे. गाताना छाती भरते, मान ताठरते, स्वर लावण्याआधी डोळ्यांत एक तयारी दिसते. नुसते ओठ हलवणाऱ्याकडे यातले काही नसते. पण त्या बदल्यात कॅमेरा मोकळा झाला, आणि तो मोकळा झाल्यावर काय करता येते हे दाखवायला दोन माणसे पुढे आली.

मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांनी ‘आर्चर्स’ या नावाने एकत्र चित्रपट काढले. पॉवेल केंटचा इंग्रज, तर प्रेसबर्गर हंगेरीत जन्मून बर्लिन आणि पॅरिसमार्गे लंडनला आलेला निर्वासित. १९४७ च्या ‘ब्लॅक नार्सिसस’च्या अखेरीस त्यांनी एक प्रयोग केला. एका जोगिणीचा वेड लागल्यासारखा पाठलाग आणि घंटेपाशी झालेली झटापट, हा भाग त्यांनी आधीच रचलेल्या संगीतावर चित्रित केला. ब्रायन ईस्डेलने संगीत लिहिले आणि पॉवेलने स्टॉपवॉच हातात घेऊन एकेक हालचाल त्या मात्रांत बसवली. त्या भागात जवळजवळ संवाद नाहीत. दृश्ये संगीताच्या ओळीत ओवली तर त्यांना वेगळीच तीव्रता येते, हे पॉवेलला तिथे उमगले. अशा चित्रपटाला तो संगीतासारखा रचलेला चित्रपट म्हणू लागला.

पुढच्याच वर्षी ‘द रेड शूज’ आला. हान्स अँडरसनच्या लाल बुटांच्या कथेवर बेतलेला बॅले, आणि तो नाचणाऱ्या तरुण नर्तिकेची कला आणि प्रेम यांच्यातली ओढाताण, असे त्याचे कथानक आहे. नर्तिकेची भूमिका अभिनेत्रीला द्यायची आणि पायांची दृश्ये दुसऱ्या कुणाची घ्यायची, ही प्रचलित वाट पॉवेलने नाकारली. त्याला नाचणारीच हवी होती. सॅडलर्स वेल्स बॅलेची मॉइरा शिअरर आधी नाही म्हणाली आणि बऱ्याच दिवसांच्या मनधरणीनंतर तयार झाली. तिच्याबरोबर रॉबर्ट हेल्पमन आणि लुडमिला चेरिना होते. शिवाय दियागिलेवच्या ‘बॅले रूस’चा पूर्वीचा नृत्यरचनाकार लेओनीद मासीन होता. बॅलेची रचना हेल्पमनने केली. बूट बनवणाऱ्या चांभाराची भूमिका मात्र मासीनने स्वतःच रचली आणि स्वतःच नाचली.

चित्रपटाच्या मध्यभागी असलेला सुमारे सतरा मिनिटांचा बॅले हे या कलेतले खरे वळण आहे. तो सुरू होतो पडदा उघडणाऱ्या खऱ्या रंगमंचावर, आणि पाहता पाहता रंगमंचाच्या भिंती नाहीशा होतात. नर्तिका बुटांत उडी घेते आणि पुढच्याच क्षणी त्यांचे बंद पायांवर आवळलेले दिसतात. जमिनीवरून उडणारा वर्तमानपत्राचा कागद माणूस होऊन तिच्याबरोबर नाचतो. टाळ्या वाजवणारे प्रेक्षागृह समुद्राच्या लाटांत विरघळते. यातले काहीही कोणत्याही थिएटरात करता येणार नाही. बॅले आता रंगमंचावरचा कार्यक्रम राहत नाही, तो नाचणाऱ्या मुलीच्या मनात चालू असतो. प्रेक्षागृहातून जे दिसत नाही ते तिला नाचताना दिसत असते, आणि कॅमेरा तिच्या बाजूने बघतो.

या भागाचा आराखडा हाइन हेकरोथचा. मूळचा जर्मन चित्रकार, कुर्ट योसच्या ‘द ग्रीन टेबल’ या युद्धविरोधी बॅलेचा वेशभूषाकार. नाझी राजवटीतून ब्रिटनमध्ये आलेल्या हेकरोथला १९४० मध्ये शत्रुदेशीय म्हणून ऑस्ट्रेलियाच्या छावणीत धाडण्यात आले होते. परतल्यावर तो आर्चर्सना येऊन मिळाला. वास्तव दिसणाऱ्या खोल्या बांधणारा कलादिग्दर्शक पॉवेलला नको होता, रंगाने विचार करणारा चित्रकार हवा होता. हेकरोथने बॅलेचा क्षणन्‌क्षण रंगवून काढला. ती चित्रे क्रमाने लावून संगीताबरोबर चित्रित केली गेली आणि त्या आधारावर प्रत्यक्ष चित्रीकरणाची आखणी झाली. छायालेखक जॅक कार्डिफने उड्यांच्या क्षणी कॅमेऱ्याचा वेग बदलून नर्तकांना हवेत किंचित जास्त वेळ तरंगत ठेवले. डोळ्याला युक्ती कळत नाही, पण उडीत काहीतरी अलौकिक आहे असे जाणवते.

नर्तकांसाठी हे सोपे नव्हते. रंगमंचावरचा नर्तक एकदा अंग गरम झाले की सलग नाचतो, आणि खाली बसलेला संचालक त्याच्याकडे बघून लय सांभाळतो. इथे लय आधीच फीतबद्ध होती. टॉमस बीचम यांच्या संचालनाखाली रॉयल फिलहार्मोनिकने जे वाजवले, त्यात आता एक मात्रा इकडेतिकडे होणार नव्हती. शिवाय काही सेकंदांचा तुकडा, मग दिव्यांची मांडणी बदलेपर्यंत थांबणे, मग थंडावलेल्या अंगाने पुढचा तुकडा. शिअररने या कष्टांविषयी पुढे स्पष्टपणे नाराजी बोलून दाखवली. तिचे म्हणणे रास्त होते. बॅलेचा जो सलग ओघ तिला लहानपणापासून शिकवला गेला, तो या पद्धतीत तुटत होता. पडद्यावर दिसणारा ओघ संकलक रेजिनाल्ड मिल्सने नव्याने जोडलेला आहे.

निर्मितीसाठी पैसा देणाऱ्या रँक कंपनीला चित्रपट पटला नाही आणि ब्रिटनमध्ये त्याचे फारसे कोडकौतुक न होता तो प्रदर्शित झाला. न्यू यॉर्कच्या बिजू थिएटरात मात्र तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. संगीत आणि कलादिग्दर्शन यांसाठी त्याला ऑस्कर मिळाले. अनेक देशांतल्या मुली हा चित्रपट बघून बॅलेच्या वर्गात दाखल झाल्या.

बीचम यांनीच पुढचे पाऊल सुचवले: ओफेनबाखचा ‘टेल्स ऑफ हॉफमन’ हा ऑपेरा. निवड चाणाक्ष होती. १८८० मध्ये ओफेनबाख वारला तेव्हा हा ऑपेरा अपुरा होता. एर्नेस्त गिरो याने तो पुरा केला आणि फेब्रुवारी १८८१ मध्ये पॅरिसच्या ओपेरा-कोमिकमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. तेव्हापासून अंकांचा क्रम, गाणी, शेवट यांत प्रत्येक थिएटरने आपापले फेरफार केले. अंतिम म्हणावी अशी संहिताच नसल्यामुळे चित्रपटकर्त्याला हात घालायला मोकळीक होती. कथाही कॅमेऱ्याला साजेशी आहे. कवी हॉफमन मद्यालयात बसून आपल्या तीन फसलेल्या प्रेमांच्या गोष्टी सांगतो. पहिली, ओलिंपिया, यंत्राची बाहुली निघते, दुसरी व्हेनिसची गणिका त्याचे प्रतिबिंब चोरते, तिसरी, गायिका अँटोनिया, गाता गाता मरते.

या वेळी पॉवेलने सतरा मिनिटांचा प्रयोग पूर्ण चित्रपटभर ताणला. सर्वप्रथम बीचम यांनी रॉयल फिलहार्मोनिक आणि गायकांना घेऊन अख्खा ऑपेरा इंग्रजीत ध्वनिमुद्रित केला. एकदा ती फीत हाती आल्यावर चित्रीकरणाच्या वेळी एकही आवाज नोंदवायचा उरला नाही. म्हणून शेपर्टन स्टुडिओतला मूकपटाच्या पद्धतीचा प्रचंड मंच घेतला. त्याला ध्वनिरोधक भिंती नव्हत्या आणि त्यांची गरजही नव्हती. कॅमेऱ्यावरचे आवाज दाबणारे जड आवरण काढून टाकले. ध्वनिक्षेपकावर ओफेनबाख वाजत असे आणि क्रिस्टोफर चॅलिसचा हलका झालेला कॅमेरा नर्तकांमधून हिंडत असे. दिग्दर्शक चालू दृश्यात ओरडून सूचना देऊ शके, जसा तो वीस वर्षांपूर्वी देत असे. पॉवेलची उमेदवारी फ्रान्समध्ये मूकपटांच्या काळातच झाली होती, आणि १९५० मध्ये त्याला ते हरवलेले स्वातंत्र्य परत मिळाले.

पात्रयोजनेत त्याने एकाचा देह, दुसऱ्याचा गळा हा करार उघडपणे मांडला. हॉफमनची भूमिका करणारा रॉबर्ट रौन्सव्हिल आणि अँटोनिया झालेली अ‍ॅन एअर्स, एवढी दोघेच स्वतःच्या आवाजात गायली. बाकी साऱ्यांचे देह नर्तकांचे किंवा नटांचे आणि गळे गायकांचे. हेल्पमनने चारही खलपात्रे साकारली; आवाज ब्रूस डार्गाव्हेलचा. शिअररची ओलिंपिया डोरोथी बाँडच्या आवाजात गाते. मूळ ऑपेरात हॉफमनची प्रेयसी स्टेला शेजारच्या थिएटरात ‘दोन जोव्हानी’ गात असते. इथे ती नर्तिका झाली, आणि तिच्यासाठी फ्रेडरिक अ‍ॅश्टनने चतुर या कीटकाचा एक नवा बॅले रचला. शेवटी पडदा पडताना गायक आणि त्यांच्या जागी नाचलेले कलावंत जोडीजोडीने पुढे येऊन अभिवादन करतात. लपवाछपवी नको, आवाज कोणाचा आणि देह कोणाचा हे प्रेक्षकाला कळू द्या, अशी ती प्रामाणिक भूमिका आहे. पार्श्वगायकांची नावेही न देण्याचा काळ पाहिलेल्या भारतीय सिनेरसिकाला तिचे मोल चटकन कळेल.

हेकरोथने प्रत्येक अंकाला आपला रंग दिला. ओलिंपियाचे जग पिवळे, नाजूक पडद्यांचे, कठपुतळ्यांचे. व्हेनिस गडद आणि मादक. अँटोनियाचे घर मूळच्या म्युनिकमधून उचलून त्याने ग्रीक बेटावर नेले. लाकडी भिंतींऐवजी जाळीदार कापडाचे थर लावले. प्रकाश समोरून टाकला की कापड भिंत होते, मागून टाकला की हवेत विरते. व्हेनिसच्या अंकात हेल्पमनच्या तळहातावर मेणबत्तीचे मेण ठिबकते आणि त्याची रत्ने होतात. ओलिंपिया मोडते तेव्हा तिचे तुकडे होतात आणि तोडलेल्या डोक्यातले डोळे उघडझाप करीत राहतात. हे दृश्य सुंदर आहे आणि भीतिदायकही. ई. टी. ए. हॉफमनच्या मूळ जर्मन गोष्टींतला थंड काटा ओफेनबाखच्या गोड सुरावटीने झाकला गेला होता, तो कॅमेऱ्याने पुन्हा उघडा केला.

सगळ्या चित्रपटात एक जागा अशी आहे, जिथे ही पद्धत कळसाला पोचते. व्हेनिसच्या अंकात गोंडोलांजवळ हॉफमन आणि त्याचा प्रतिस्पर्धी श्लेमिल यांचे द्वंद्व होते. तलवारींची खणखण नाही, एकही शब्द नाही. वर फक्त ते प्रसिद्ध नौकागीत संथपणे डोलत राहते. मरण आणि लाडिक सूर एकाच चौकटीत आल्यावर जे अंगावर येते, ते ऑपेरागृहात क्वचितच घडते. न्यू यॉर्कच्या एका मुलाने हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला, तोही दूरचित्रवाणीवर, कृष्णधवल आणि जाहिरातींनी तोडलेला. तो मार्टिन स्कॉर्सेसी. या द्वंद्वाकडे बघणाऱ्या हेल्पमनच्या डोळ्यांच्या क्लोजअपमधून आपण पुष्कळ शिकलो, असे त्याने अनेकदा सांगितले आहे.

१ एप्रिल १९५१ रोजी चित्रपटाचा पहिला खेळ न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये झाला. कान महोत्सवातही त्याचा गौरव झाला. पण निर्माता अलेक्झांडर कोर्डाला शेवटचा अंक लांबलेला वाटत होता. चित्रपटाला कात्री लागली, आणि पॉवेल-कोर्डा संबंध त्यावरून बिघडले. अँटोनियाचा अंक खरोखरच थोडा रेंगाळतो, हे मान्य करावे लागेल. तिथे गाणारीच समोर आहे आणि नाचायला जागा कमी. संगीतासारखी रचना मागे पडून ऑपेराचा प्रयोग डोकावतो. मात्र तो कापून टाकणे हा उपाय नव्हता, कारण तीन प्रेमांची चढती भाजणी त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही. गाळलेला भाग परत जोडून पूर्ण चित्रपट २०१५ मध्ये पुनरुज्जीवित झाला. आर्चर्सनी १९५५ मध्ये ‘डी फ्लेडरमाउस’वर बेतलेला ‘ओह... रोझालिंडा!!’ केला. तो पडला. पॉवेलने १९६० च्या दशकात जर्मन दूरचित्रवाणीसाठी बार्टोकचा ‘ब्ल्यूबीअर्ड्स कासल’ हेकरोथच्या साथीने चित्रित केला, तो फार थोड्यांच्या नजरेस पडला. ती वाट तिथेच थांबली.

इतरत्र पार्श्वगायनाचा वापर जास्त व्यवहारी होता. इटलीत १९५३ च्या ‘आइदा’त तरुण सोफिया लॉरेन दिसते आणि रेनाता तेबाल्दी ऐकू येते. हॉलिवूडच्या ‘कार्मेन जोन्स’मध्ये डोरोथी डँड्रिजला मॅरिलीन हॉर्नचा गळा मिळाला. सोव्हिएत संघाने १९५८ च्या ‘येव्गेनी ओनेगिन’मध्ये हीच जोडणी केली: तात्यानाचा चेहरा आरिआद्ना शेन्गेलायाचा, आवाज गालिना विश्नेव्हस्कायाचा.

बॅलेच्या बाबतीत सोव्हिएत स्टुडिओंपुढचे कर्तव्य वेगळे होते. गालिना उलानोवा जगातली सर्वश्रेष्ठ ज्युलिएट मानली जात होती आणि पाश्चात्त्य रसिकांनी तिला जवळजवळ पाहिलेच नव्हते. नृत्यरचनाकार लेओनीद लावरोव्हस्की आणि दिग्दर्शक लेव अर्नश्टाम यांनी प्रोकोफिएवच्या ‘रोमियो आणि ज्युलिएट’चा चित्रपट केला आणि १९५५ मध्ये त्याला कानमध्ये पारितोषिक मिळाले. उलानोवा तेव्हा चाळिशीच्या मध्यावर होती. क्लोजअपमध्ये वय लपत नाही, पण ती धावू लागते तेव्हा वयाचा विचार मनात येत नाही. खुल्या आकाशाखालच्या चौकात, खऱ्या वाटणाऱ्या दगडी भिंतींजवळ टोकदार बुटांवर उभी राहिलेली नर्तिका मात्र अवघडल्यासारखी दिसते. बॅलेची शैली जितकी कृत्रिम, तितके तिच्याभोवतीचे जगही कृत्रिम लागते, हा हेकरोथचा धडा मॉस्कोत पोचला नव्हता.

दिग्दर्शक पॉल सिनरने नेमका विरुद्ध मार्ग धरला. रंगमंचावरचा प्रयोग जसा आहे तसा अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपायचा. १९५६ मध्ये मॉस्कोचे बोल्शोय बॅले-पथक लंडनला आले, तेव्हा त्याने कॉव्हेंट गार्डनमध्ये उलानोवाची ‘जिझेल’ चित्रित केली. पुढे मार्गो फाँटेन आणि रुडॉल्फ नुरेयेव यांचा ‘रोमियो आणि ज्युलिएट’ १९६६ मध्ये आला. सिनेमा म्हणून हे चित्रपट सपाट आहेत, पण नृत्याचा अभ्यास करणाऱ्याला त्यांच्याइतके उपयोगी दुसरे नाहीत. पूर्ण देह चौकटीत राहतो, पाय कापले जात नाहीत आणि एका हालचालीतून दुसरी कशी निघते हे दिसते. चेहऱ्यावर जावे तर पाय सुटतात आणि दूर राहावे तर भाव पुसट होतो. बॅले चित्रित करणाऱ्याला ही निवड दर मिनिटाला करावी लागते.

ऑपेराच्या चित्रपटाला दुसरा बहर आला तो १९७० च्या दशकात, आणि त्याची सुरुवात दूरचित्रवाणीवर झाली. स्वीडिश रेडिओच्या पन्नाशीनिमित्त इंगमार बर्गमनने मोझार्टचा ‘मॅजिक फ्लूट’ केला आणि तो १ जानेवारी १९७५ रोजी प्रसारित झाला. बर्गमनला स्टॉकहोमजवळचे, १७६६ साली बांधलेले ड्रॉटनिंगहोम थिएटर हवे होते. पण दिवे आणि यंत्रे यांच्या भाराने ती नाजूक वास्तू धोक्यात आली असती, म्हणून तिचा रंगमंच, विंगा आणि यंत्रणा स्टुडिओत हुबेहूब उभारल्या. सुरुवातीचे संगीत चालू असताना तो रंगमंच दाखवतच नाही. ऐकणाऱ्यांचे चेहरे दाखवतो. मध्यंतरात रात्रीची राणी धूम्रपान मनाईच्या पाटीखाली बसून सिगारेट ओढते. थिएटरची कृत्रिमता लपवण्याऐवजी त्याने तिच्यावर प्रेम केले. गायक निवडताना मोठ्या आवाजापेक्षा चेहऱ्यातला आणि स्वरातला सच्चेपणा पाहिला. गाणे स्वीडिशमध्ये, त्यामुळे घरात बसलेल्या मुलांनाही ते समजले. पार्श्वध्वनीवर ओठ हलवणारे इथे स्वतः गायकच आहेत, म्हणून श्वास कुठे घ्यायचा हे त्यांच्या देहाला आठवते. क्लोजअपमध्ये न खटकणारा ऑपेरा बर्गमनला साधला याचे मोठे कारण हे आहे.

त्याच वर्षी झाँ-मारी श्ट्रॉब आणि दानिएल ह्युये यांनी शोनबर्गच्या ‘मोझेस उंड आरोन’मध्ये दुसरे टोक गाठले. वाद्यवृंद मिखाएल गीलेनच्या संचालनाखाली व्हिएन्नात आधी ध्वनिमुद्रित झाला, पण गायकांनी इटलीतल्या आल्बा फुचेन्सच्या प्राचीन अवशेषांमध्ये, उन्हावाऱ्यात, कानात वाद्यमेळ ऐकत प्रत्यक्ष गायले. वारा ऐकू येतो. स्वर ज्या क्षणी निघाला त्याच क्षणी टिपला गेला, यावर त्या दोघांचा कटाक्ष होता आणि त्यासाठी सुखकर गोष्टींवर पाणी सोडायची त्यांची तयारी होती.

त्यानंतरचे भव्य चित्रपट अधिक लोकप्रिय झाले. जोसेफ लोसीने १९७९ मध्ये ‘दोन जोव्हानी’ व्हिचेन्झा परिसरातल्या पाल्लादिओच्या वास्तूंमध्ये नेला. झेफिरेल्लीचा ‘ला त्राव्हिआता’ आणि फ्रान्चेस्को रोझीचा आंदालुसियात चित्रित केलेला ‘कार्मेन’ पाठोपाठ आले. १९८३–८४ या दोन वर्षांत पीटर ब्रूक, गोदार, कार्लोस साउरा आणि रोझी अशा चौघांनी आपापली कार्मेन पडद्यावर आणली. त्यांतला साउराचा चित्रपट सर्वांत ताजा आहे. त्याने ऑपेरा चित्रित केलाच नाही. आंतोनिओ गादेस आपल्या फ्लामेंको मंडळीकडून ‘कार्मेन’ची तालीम करून घेतो आणि तालमीच्या खोलीत कथा खरी होऊ लागते. पायांचे ठेके हेच संवाद होतात.

जुलै १९९२ मध्ये पुच्चिनीचा ‘तोस्का’ रोममध्ये, संहितेत सांगितलेल्या प्रत्यक्ष जागी आणि त्या त्या प्रहरी, थेट प्रक्षेपित झाला. पहिला अंक सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले चर्चमध्ये दुपारी, दुसरा पालाझ्झो फार्नेझेत रात्री, तिसरा कास्तेल सांत आंजेलोच्या गच्चीवर दुसऱ्या दिवशी पहाटे. कॅथरीन मालफितानो, प्लासिदो दोमिंगो आणि रुजेरो रायमोंदी गात होते आणि वाद्यवृंद त्यांच्यापासून दूर एका स्टुडिओत होता. त्याचे संचालन मुंबईत जन्मलेले आणि तिथेच वाढलेले झुबिन मेहता करीत होते. गायकांना मेहता दिसत ते जागोजागी ठेवलेल्या पडद्यांवर. आधी ध्वनिमुद्रित केलेले काहीच नव्हते. शहराच्या दोन टोकांना असलेला गायक आणि संचालक एकमेकांच्या श्वासावर लय धरू शकतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले आणि १९२६ मध्ये ड्रेस्डेनला श्ट्राउससमोर उभा राहिलेला पेच यंत्रानेच सोडवला.

उपग्रह प्रक्षेपण स्वस्त आणि स्पष्ट होत गेल्यावर वेगळा चित्रपट काढण्याची निकडच कमी झाली. ३० डिसेंबर २००६ रोजी मेट्रोपॉलिटन ऑपेराने ज्यूली टेमर यांच्या ‘मॅजिक फ्लूट’चा चालू प्रयोग चित्रपटगृहांत थेट दाखवला. बोल्शोय आणि लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसनेही पुढे हीच वाट धरली. मेटचे प्रयोग मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातही पडद्यावर दाखवले जातात. आता गायक एकाच वेळी शेवटच्या रांगेसाठी आणि समोरच्या भिंगासाठी गातो. रंगभूषा हलकी करावी लागते, वेशाची शिवण कॅमेऱ्यात दिसणार नाही याची काळजी घ्यावी लागते, आणि रंगमंचाच्या कडेला रुळांवर सरकणारा कॅमेरा कोणत्या स्वराला कोणाच्या चेहऱ्यावर जाईल हे प्रयोगाआधी स्वरलिपीवर खुणा करून ठरवलेले असते. चालू प्रयोगात ती निवड करणारा दिग्दर्शक थिएटरबाहेरच्या गाडीत बसलेला असतो. त्याच्यापुढे ओळीने पडदे असतात आणि हातात उघडी स्वरलिपी.